मिटलेल्या तोंडाचं पिल्लू

आमचा कुत्रा मांजरसुंब्याच्या रस्त्यावर जीपखाली गेला, त्या उन्हाळ्यात मी पहिलं जनावर विणलं. तोवर क्रोशाची सुई माझ्या हातात असायची ती तोरणं, ताटावरचे रुमाल आणि टीव्हीवर टाकायच्या झाकणांपुरती. शाळेत शिवणाच्या बाईंनी शिकवलं होतं तेवढंच. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पाटोद्यात सगळे त्यांना सर म्हणतात, मीही सरच म्हणते. कुत्रा गेल्यावर सर जेवायला बसले की भाकरीचा शेवटचा तुकडा सवयीने दाराकडे धरायचे आणि मग तो तसाच हातात घेऊन बसून राहायचे. मला ते बघवेना. जुना तपकिरी स्वेटर उसवून मी त्या लोकरीचा कुत्रा करायला घेतला. झाला तो बोकडासारखा. सरांनी तो उलटसुलट करून बघितला आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "याला बांधायला दावं आण," म्हणाले.

मी तो उसवला आणि पुन्हा केला. पुन्हा उसवला. असं करता करता हात बसत गेला. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, कापसावर विणलेली कातडी. सगळं झालं की तारेच्या ब्रशने लोकर पिंजायची, म्हणजे टाके दिसेनासे होतात आणि केस उभे राहतात. डोळे काचेचे, ते पार्सलने मागवावे लागतात. डोळे बसेपर्यंत ते नुसतं लोकरीचं गाठोडं असतं. डोळे बसले की खोलीत कुणीतरी आल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं झाली तरी मला दर वेळी तसं वाटतं.

पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या बायकांनी आमचा लोकरीचा कुत्रा बघितला. मग सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याचा फोटो फोनवर पुढे पाठवला, आणि लोक यायला लागले. बीडचे, अंबाजोगाईचे, पुण्याला नोकरीला गेलेले. येणाऱ्यांतल्या बहुतेकांचं जनावर मेलेलं असतं. आपल्याकडे माणूस मेलं तर रडायला दहा माणसं जमतात. मांजर मेलं म्हणून रडणाऱ्याला लोक हसतात. म्हणून माझ्याकडे येणारी माणसं दार लोटून घ्यायची आणि हळू आवाजात बोलायची. एक निवृत्त कंपाउंडर पोपटाचा फोटो घेऊन आले होते. पोपट कसा शिट्टी मारायचा ते त्यांनी मला मारून दाखवलं आणि मग ओठ तसेच ठेवून ढसाढसा रडले. मला अशा रडण्याची सवय झाली होती. मी आत जाऊन चहा टाकायचे, तोवर माणूस डोळे पुसून बसलेला असायचा.

ती बाई आली ते थंडीचे दिवस होते. वय तिशीच्या आसपास. नांदूरघाटाच्या बाजूच्या एका खेड्यातून भावाच्या मोटारसायकलवर आली होती. भाऊ दारातच उभा राहिला. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि फोन माझ्यापुढे धरला. काचेला तडा गेलेला होता. फोटोत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पायरीवर बसली होती, पहिली-दुसरीतली असेल. मांडीवर कुत्र्याचं पिल्लू. मातीच्या रंगाचं, कपाळावर पांढरा टिपका, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलगी हसत होती, पुढचे दात पडलेले होते. पिल्लू कॅमेऱ्याकडे न बघता तिच्या हनुवटीकडे बघत होतं.

मी म्हटलं, "गोड आहे गं तुझी पोरगी. तिच्यासाठीच करायचं ना? मग तिला सांगू नकोस, एकदमच दाखव."

तिने फोन मागे घेतला, पदराने त्याची काच पुसली आणि म्हणाली, "ती न्हाई आता, काकू."

मी विचारलं, "आणि पिल्लू?"

"ते तिच्या आदी गेलं."

दारातून भाऊ म्हणाला, "अक्का, समदं सांग त्यांला. मागून दुसऱ्याकून कळलं तर बरं दिसनार न्हाई."

तेव्हा ती म्हणाली, "त्या पिल्लानंच मारलं तिला. घरचे तसंच म्हनत्यात."

मग तिने सांगितलं. पिल्लू मुलीने शाळेतून येताना रस्त्याकडेला उचललं होतं आणि दप्तरात घालून आणलं होतं. पुस्तकं हातात, पिल्लू दप्तरात. बापाने आधी डोळे वटारले, पण दुसऱ्या दिवशी त्यानेच शेळीच्या गळ्यातली जुनी घंटी काढून पिल्लाच्या गळ्यात बांधली. पावसाळ्यात एक बाहेरचं कुत्रं अंगणात शिरलं आणि पिल्लाला मानेला धरून झटकून गेलं. जखम लहान होती. भरली. घरच्यांच्या लेखी विषय संपला.

सोयाबीन काढायच्या घाईत पिल्लाने खाणं सोडलं. ते धान्याच्या कोठीमागे जाऊन बसलं, लाळ गाळायला लागलं. मुलगी दुधाची वाटी घेऊन कोठीमागे सरपटत गेली आणि पिल्लाने तिच्या बोटाला दात लावला. रक्त आलं ते थेंबभर. आई म्हणाली, हिला सुई देऊन आणू. बाप वावरात जायला निघालेला, मजूर येऊन थांबलेले. तो म्हणाला, "पिल्लूच हाय ते. दात तरी आलेत का त्याला नीट?" त्याने बोटावर हळद आणि चुना लावला, चिंधी बांधली आणि गेला.

पुढच्या काही दिवसांत पिल्लू मेलं. मुलीने बापाकडून बांधावर खड्डा करून घेतला, पिल्लू पुरलं, वर झेंडूची फुलं ठेवली. ते पिसाळलं होतं हे घरात कुणाच्या मनात आलं नाही. पिसाळलेला कुत्रा म्हणजे फेस गाळत गावभर धावणारा मोठा कुत्रा, असंच आपल्याला वाटतं. मलाही तोवर तसंच वाटायचं. कोठीमागे गप्प बसून राहिलेलं, घंटी बांधलेलं पिल्लूही पिसाळलेलं असू शकतं हे कुणाला सुचणार?

"दिवाळी झाली," ती म्हणाली. "नवे कपडे घालून हिंडली सगळीकडं. मंग म्हनायला लागली, आई, बोटाला मुंग्या येत्यात. जखम तर कवाच भरली हुती. मला वाटलं, शाळा चुकवायला म्हनायली. मंग ताप आला."

एवढं बोलून ती थांबली. मी म्हटलं, नको सांगूस. पण ती थांबली नव्हती, फक्त श्वास घेत होती.

"श्रावणात कपिलधारला नेलतं तिला. धबधब्याखालून निघंना. मामानं ओढून काडली बाहेर. अन् तीच पोरगी काकू, तांब्या बघून किंचाळायली. पंख्याचा वारा सहन हुईना. तहान लागलेली, पानी मागायची, अन् पानी जवळ नेलं की नरडं आवळायचं तिचं."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बघितल्याबरोबर पहिलं विचारलं ते हेच, की कुत्रं चावलं होतं का. आई हो म्हणाली. बाप व्हरांड्यात जाऊन फरशीवर बसला तो पोरीचं प्रेत बाहेर येईपर्यंत उठला नाही. डॉक्टर म्हणाले, ही सुई लगेच द्यायची असते, आता या आजाराला इलाज नाही. शेवटी मुलीला कॉटला बांधून ठेवावं लागलं होतं.

पुढचं भावाने सांगितलं. तिसऱ्याच्या विधीवरून आल्यावर बापाने बांधावरचा खड्डा उकरला. पिल्लाचं जे राहिलं होतं ते बाहेर काढलं आणि डिझेल ओतून जाळलं. मग भाकरीत विष कालवून गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना घातलं. गावात कुणी अडवलं नाही. पोरगी गेलेला माणूस, त्याला कोण काय बोलणार? सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कुत्री पडलेली होती. त्यांत शेजारच्या एका म्हातारीचा कुत्राही होता. तिला दुसरं कुणीच नव्हतं. ती याच्या दारात येऊन दिवसभर शिव्याशाप देत बसली आणि हा समोर बसून ऐकत राहिला. मग त्याने फोन घेतला आणि पिल्लाचे सगळे फोटो पुसून टाकले. फोन त्याच वर्षी घेतलेला, त्यात मुलीचा एकही फोटो पिल्लाशिवाय नव्हता. त्यामुळे मुलगीही पुसली गेली. हा एक फोटो शाळेतल्या मॅडमच्या फोनमध्ये सापडला होता.

मी तिला विचारलं, "तुला हे कशाला हवंय गं? बघून त्रास नाही होणार?"

ती म्हणाली, "ते चावलं तवा मी काठी उगारली त्याच्यावर. तर ही आडवी पडली. म्हनली, मारू नको आई, त्याचं कुटंतरी दुखतंय." तिने फोन पदराखाली ठेवला. "एवड्या घरात तिला एकलीला कळलं हुतं की त्याचं दुखतंय. अन् आता समदे त्याला वैरी म्हनत्यात. त्याला वैरी म्हनलं की मला वाटतं, तिला खोटं पाडायलेत."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघते, म्हटलं. ती गेल्यावर सर म्हणाले, "हे काम घेऊ नकोस." सर मला कधी असं सांगत नाहीत. मी विचारलं, का? म्हणाले, "त्या घरात ते ठेवणार कुठं?" मी काही दिवस दुसरीच कामं करत राहिले, एका मांजराचं शेपूट, एका कुत्र्याचे पंजे. पण लोकरीच्या गुंड्या निवडताना माझा हात मातीच्या रंगाकडे जायचा. शेवटी मी तिने जाताना पाठवून ठेवलेला तो फोटो फोनवर मोठा करून समोर ठेवला.

फोटो एकच, आणि त्यात पिल्लाची अर्धी पाठ मुलीच्या हाताखाली झाकलेली. केस कोणत्या बाजूला वळलेत हे बघायला मी फोटो मोठा करायचे आणि मला दिसायची ती मुलीची बोटं. नखांना लाल पॉलिश लावलेलं, खरवडून अर्धं निघालेलं. मनगटात काळा दोरा. मी बोटांच्या कडेने पिल्लाची पाठ शोधत होते. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं. हात तिथून हलवता येत नव्हता आणि हाताखाली काय आहे हे त्याशिवाय कळत नव्हतं.

म्हणून मी तिला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, घरात न्हाई बोलता येत, मी वावरातून करते. दुपारी फोन आला. मी विचारलं, "हाताखाली कोणता रंग होता गं?"

"पांढरा चट्टा हुता. तळहाताएवडा. ती म्हनायची, माझा हात ठिवायची जागा हाय ती."

त्यानंतर ती रोज दुपारी वावरातून फोन करायला लागली. पिल्लाचे पाय कसे होते, पोट कसं होतं, शेपटाचं टोक काळं होतं. डोळे? हुलग्याच्या रंगाचे. कधी सांगायला काही उरलेलं नसायचं, तरी फोन यायचा. मागे वारा ऐकू यायचा. मी विणत असायचे आणि ती बोलत असायची. तिच्या घरात मुलीचं नाव घेणं बंद झालं होतं. नाव निघालं की नवरा ताटावरून उठून जायचा, म्हणून सासूने सगळ्यांना तंबी दिली होती. माझ्याजवळ ती नाव घ्यायची. एका वाक्यात दोन-दोनदा घ्यायची. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

तोंडापाशी येऊन मी अडले. माझ्या कुत्र्यांची तोंडं मी नेहमी थोडी उघडी करते, आत जीभ आणि बारीक पांढरे दात. त्यामुळे कुत्रं हसल्यासारखं दिसतं, लोकांना ते आवडतं. या वेळी दातांसाठी पांढरा दोरा सुईत ओवला आणि हातातच राहिला. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मिटलेलंच करा, काकू."

पिल्लाचं धड शिवून झालं होतं आणि डोकं वेगळं टेबलावर होतं, डोळे न बसवलेलं, तेव्हा तिचा नवरा आला. दुपारची वेळ. सर पेपर वाचत होते. पायजमा-शर्ट घातलेला, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक उंच माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कुत्री करत्यात त्या बाई तुमीच का?"

मी ओळखलं. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं.

"बायको रोज वावरात जाऊन कुनाशी बोलती म्हनून नंबर बघितला. नंबरावून पत्ता काडला." त्याची नजर टेबलावर गेली. "ह्येच का?"

सर उठले. "बसा, आधी बसा. पाणी..." म्हणता म्हणता त्यांनी शब्द गिळला. तो माणूस बसला नाही.

"तुमाला ठावं हाय का, यानं काय केलं ते?"

मी म्हटलं, "माहीत आहे. तिनं सगळं सांगितलं."

"तरीबी करता?"

"तिनं मागितलं म्हणून करते."

"तिचं डोकं जाग्यावर न्हाई. तुमी तर शिकली-सवरलेली मानसं." तो पुढे आला आणि त्याने ते डोकं उचललं. मला वाटलं, आता फाडणार. सरांनाही वाटलं असावं, ते माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्याने फाडलं नाही. ते हातात फिरवलं. त्याची बोटं भेगाळलेली होती, लोकर भेगांत अडकत होती. त्याने पडलेला कान उभा केला आणि सोडला. कान पुन्हा पडला. मग जिथे डोळे बसायचे होते त्या भोकात त्याने अंगठा घातला आणि तसाच उभा राहिला.

"मानसाचं करता का तुमी?" त्याने विचारलं.

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, "काय?"

"मानसाचं. ज्या फोटोवून ह्ये केलं, त्याच फोटोत ती हाय की. तिच्या फोनात बघितला मी. दात पडलेले दिसत्यात. समदं दिसतंय." त्याचा आवाज चढलेला नव्हता. दुकानात एखादी वस्तू मिळते का विचारावं तसा तो विचारत होता. "कुत्र्याचं व्हतं. मंग पोरीचं कावून व्हत न्हाई?"

मी म्हटलं, "माणसाचं मी करत नाही, दादा."

"येत न्हाई, का करायचं न्हाई?"

माझ्या डोळ्यांसमोर लोकरीचे केस आले, कापसाचे गाल, काचेचे दोन डोळे. पॉलिश खरवडलेली नखं. मी सांगितलं, "मला जमणार नाही. आणि जे होईल ते तुम्हाला बघवणार नाही."

त्याने अंगठा काढला. डोकं टेबलावर ठेवलं, होतं तिथेच, होतं तसंच. "मंग ह्ये तिला बघवंल व्हय?" म्हणाला आणि निघून गेला. चपला घालताना त्याने भिंतीला हात धरला होता. सर त्याच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत गेले. परत आले तेव्हा म्हणाले, त्याने नुसते हात जोडले आणि गाडीला किक मारली.

त्या रात्री तिच्या घरी काय झालं ते मला नंतर कळलं. नवरा एवढंच म्हणाला की ते घरात येणार असेल तर तू इथं राहू नको. तिने कपडे पिशवीत भरले आणि भावाला बोलावून घेतलं. भावाचं गाव पाटोदा तालुक्यातच आहे. पिल्लू तयार झालं तेव्हा ती तिथूनच न्यायला आली.

मी ते टेबलावर ठेवलं होतं. लोक अशा वेळी आधी लांबून बघतात. तिने सरळ उचललं, मानेला नाक लावलं. मग म्हणाली, "त्याचा वास न्हाई." मी म्हटलं, वास कुठून येणार गं. "व्हय, खरं हाय," म्हणाली. पाठीवरच्या पांढऱ्या चट्ट्यावर तिने हात ठेवला. तिचा हात मोठा होता, चट्टा पूर्ण झाकला जात होता. तिने फक्त चार बोटं ठेवून बघितली. मग दोन. ती रडली नाही. तिला रडू यावं म्हणून मी चहाला आत गेले आणि मुद्दाम उशीर केला, तरी ती रडली नाही.

यानंतर बरेच महिने तिचा फोन आला नाही. मी केला तर भाऊ उचलायचा, बरी आहे म्हणायचा. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस ती पुन्हा आली. या वेळी एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू. मी आधी बघितलं ते पिल्लूच. एका कानाच्या लोकरीचे हाताळून हाताळून गोळे झाले होते, पाठीचा पांढरा चट्टा मळला होता.

"दुरुस्त करून हवंय का?" मी विचारलं.

"न्हाई. तुमच्याकडं ठिवा."

काय झालं ते तिने उभ्या उभ्याच सांगितलं. भावाला चार वर्षांची मुलगी आहे. तिने पिल्लाचा नाद लावून घेतला. घेऊन झोपायची, घेऊन जेवायची. "मी म्हनलं, खेळू दे. लेकराच्या हातात असलं की मलाबी बरं वाटायचं." आणि मग एक दिवस ती पोरगी अंगणात पिल्लाच्या तोंडाला आपलं बोट टेकवून ओरडायला लागली, चावलं, चावलं! खेळातच. हसत होती. "मला काय झालं कळलं न्हाई, काकू. मी तिला मारलं. थोबाडीत मारलं. तिच्या नाकातून रगत आलं."

त्या रात्री भावजय भावाला म्हणाली, आणि हिने ऐकलं, की गेलेल्या पोरीचं दुःख मी समजू शकते, पण माझ्या पोरीवर हात टाकला. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं, असं हिनेच मला सांगितलं. त्यानंतर त्या घरात ती मुलगी हिच्या जवळ यायची बंद झाली. ही अंगणात आली की ती आत जायची. भावाने नवऱ्याला निरोप धाडला आणि तो न्यायला आला.

"कुठं आहे तो?" मी विचारलं.

"बाहीर. गाडीपशी हुभा हाय. आत येत न्हाई म्हनला."

मी खिडकीतून बघितलं. तो मोटारसायकलला टेकून उभा होता. केस पार पांढरे झाले होते. मी विचारलं, "आता कसा आहे? नीट वागेल ना?"

ती म्हणाली, "नीटच वागतो. कुनाला बोलत न्हाई, काय न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "गावात कुनाला कुत्रं चावलं, मांजरानं वरबाडलं, की त्याला बलावत्यात आता. हातातलं काम टाकून गाडीवर घालून दवाखान्यात नेतो. समद्या सुया हुईपत्तोर स्वतः नेतो. सोयाबीन काढायची असू दे न्हाईतर काय असू दे. लोक लई नाव घेत्यात त्याचं." तिचा आवाज इतका वेळ सपाट होता, तो पहिल्यांदा फाटला. "दुसऱ्याची पोरं नेतो, काकू. दुसऱ्याची समदी पोरं नेतो."

मी तिला धरलं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सर आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. मग तिने तोंड पुसलं, चहा नको म्हणाली. पिल्लू टेबलावर ठेवलं होतं, त्याच्याकडे तिने वळून बघितलं नाही. मी म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा ये, बघून जा." तिने मान हलवली.

बाहेर जाऊन ती त्याच्यामागे बसली. दोघांच्या मध्ये तिने कपड्यांची पिशवी ठेवली आणि त्याच्या खांद्याला न धरता मागच्या कडीला धरलं. गाडी बसस्टँडच्या बाजूला वळली.

पिल्लाचा कान मी दुरुस्त केला. चट्टा धुतला. कपाटात बाकीच्या नमुन्यांबरोबर ठेवलं. ऑर्डर द्यायला येणारे सगळ्यांत आधी त्याच्याकडेच बोट दाखवतात. हे किती जिवंत झालंय, असंच आमच्यासाठी करा, हेच देता का? मी सांगते, हे दुसऱ्याचं आहे, न्यायला येणार आहेत.

ती आलेली नाही. मधूनमधून फोन करते. वावरातूनच करते, मागे वारा असतो. पाऊस कसा आहे, सरांचे गुडघे कसे आहेत, सासू आता अंथरुणाला खिळली आहे, एवढंच. मुलीचं नाव आता ती माझ्याजवळही घेत नाही. पिल्लाचं विचारत नाही आणि मीही सांगत नाही. लोकरीला कसर फार लवकर लागते. उन्हाळ्यात मी कपाट रिकामं करून सगळी जनावरं गच्चीवर चादरीवर मांडते, ऊन दाखवते आणि झटकून पुन्हा आत ठेवते. त्यांच्यात तेही असतं.